तुझ्या जगाचा इतिहास टेबलावर किती आणायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तू दर रविवारी कल्याणहून दादरला मित्राच्या घरी जातोस आणि पाच जणांसाठी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) चालवतोस: जग आणि प्रसंग तू सांगतोस, आणि ते पाच जण आपापल्या पात्राने, म्हणजे कॅरेक्टरने, काय करायचं ते ठरवून फासे टाकतात. सात बेटांच्या एका राज्याचा साठ पानी इतिहास तू लिहून काढला आहेस: वंशावळ, तह, देव, सणवार, सगळं. पण तू तो वाचायला लागलास की दोघांचे मोबाइल बाहेर येतात, एक जण म्हणतो ‘लोर पुरे, लढाई सुरू कर’ (लोर म्हणजे जगाचा हा सगळा इतिहास), आणि एक मुलगी मात्र प्रत्येक गोष्टीबद्दल खोदून खोदून विचारते. मग वर्ल्डबिल्डिंगला, म्हणजे असं जग रचण्याला, खेळात खरंच किती महत्त्व आहे? की सोडूनच द्यावं?

सोडू नकोस. फक्त साठ पानांतलं काय टेबलावर येणार, हे ठरवायची कसोटी बदल. मी स्वतः एकच गोष्ट तपासते: हे कळल्यावर खेळाडू काही वेगळं करेल का? राजाच्या पणजोबांनी शेजारच्या बेटाशी तह केला, हे ऐकून कोणी काही वेगळं करत नाही. त्या तहामुळे आजही खाडीचा नाका सूर्यास्ताला बंद होतो आणि रात्री पलीकडे जायचं तर जकातदाराला तांब्याची मुद्रा दाखवावी लागते, हे कळलं की पाचही जण पुढे सरकतात. मुद्रा चोरायची, खोटी पाडून घ्यायची, जकातदाराला फितवायचं की पोहत जायचं? तह तोच आहे. दुसऱ्या वेळी तो त्यांच्या वाटेत आडवा आला, एवढाच फरक.

आधी वेळेचा हिशेब मांडून बघ, कारण मुंबईत तोच सगळ्यात महाग. रविवारी मेगाब्लॉक असतो, कोणीतरी उशिरा पोचणारच. सेशन ४ तासांचं ठरलं तर चहा आणि गप्पांत अर्धा तास जातो, एका बऱ्यापैकी लढाईला सव्वा तास. उरतात १३५ मिनिटं. पाच खेळाडूंत वाटली तर माणशी २७, आणि त्यात तुझं बोलणं अजून धरलेलंच नाही. तू वीस मिनिटं इतिहास वाचलास तर बदलापूरहून दोन गाड्या बदलून आलेल्या मुलीच्या वाट्याची चार मिनिटं तू घेतलीस. म्हणून मी सलग तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त वर्णन करत नाही. तेवढं झालं की थांबून विचारते, ‘काय करताय?’

हा छंद सुरूही टेबलावरूनच झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हा तीन छोट्या पुस्तिकांत नियम होते, जग जवळपास नव्हतंच. आर्नेसनचं ब्लॅकमूर हे जग म्हणजे सुरुवातीला एक किल्ला आणि त्याखालची भुयारं. खेळाडू बाहेर पडू लागले तसा भोवतीचा मुलूख वाढला. गायगॅक्सच्या ग्रेहॉकमध्येही आधी किल्ल्याखालचं भुयारच खेळलं गेलं. अख्खा मुलूख म्हणून ते छापलं गेलं १९८० मध्ये. नियमपुस्तकात आजही टेन्सर आणि मेल्फ यांच्या नावाचे मंत्र आहेत. ही गायगॅक्सच्या दोन मुलांच्या कॅरेक्टरांची नावं. घरच्या टेबलावर पोरांनी जे खेळलं, ते पुढे जगभरच्या खेळाडूंसाठी लोर झालं. उलट बाजूने एड ग्रीनवुडने फरगॉटन रेल्म्सचं जग हा खेळ येण्याच्या आधीपासून, लहानपणीच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं होतं, आणि ते खेळासाठी प्रसिद्ध झालं १९८७ मध्ये. म्हणजे जग आधी लिहिलं म्हणून बिघडत नाही. प्रश्न खेळाडूला त्या जगाच्या आत कसं घ्यायचं याचा आहे.

त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला १९७५ च्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन या अशाच एका खेळात दिसतं. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषय शिकवणारे प्राध्यापक. टेकुमेल या आपल्या जगासाठी त्यांनी व्याकरण आणि लिपीसकट भाषा घडवल्या होत्या. एवढ्या दाट जगात नवख्याला आत घ्यायचं कसं? बार्करनी खेळाडूंची कॅरेक्टर्स परदेशी ठेवली. ती एका छोट्या नावेतून जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात, आणि परक्यांसाठी राखलेल्या वस्तीतच त्यांना राहावं लागतं. खेळाडूला जेवढं ठाऊक, तेवढंच कॅरेक्टरला ठाऊक. कोणाला नमस्कार करायचा आणि कोणासमोर मान वर करायची नाही, हे दोघंही एकदमच शिकतात.

तुझ्या राज्यात हे सहज बसतं. तुझी पाच माणसं गलबतातून धक्क्यावर उतरू देत, खिशात चार नाणी आणि ओळखीच्या कोणाचं तरी एक नाव. आता त्यांना निजायला जागा हवी, काम हवं, कोणाच्या तरी शब्दाची हमी हवी. कोकणातून मुंबईत आलेल्या कितीतरी घरांची पहिली गोष्ट हीच आहे, त्यामुळे ती टेबलावर समजावून सांगावी लागत नाही. गाववाल्यांच्या खोलीत पथारीला जागा मिळते, पण त्या बदल्यात गावकीतल्या भांडणात बाजू घ्यावी लागते. झालं, तुझं राजकारण आत आलं आणि तू एक पानही वाचलं नाहीस.

आता तुझ्याच सात बेटांसाठी एक उदाहरण जरा सविस्तर करून दाखवते. मुंबईच्या इतिहासात वरळी आणि मुंबई ही बेटं वेगळी करणारी एक खिंड होती. भरतीचं पाणी तिथून आत घुसायचं आणि मधला सखल भाग बुडवायचं. अठराव्या शतकात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, ती बांध घालून बंद केली गेली. आख्यायिका अशी की बांध पुन्हापुन्हा कोसळायचा. रामजी शिवजी प्रभू या बांधकाम करणाऱ्या गृहस्थांना स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती निघाल्या, आणि मग बांध उभा राहिला. महालक्ष्मीच्या देवळाची ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकलेली असते.

आपल्या जगासाठी यातून कथा उचलू नये, तिची रचना उचलावी. तुझ्या राज्यात दोन बेटांमधला बांध तिसऱ्यांदा कोसळला आहे. मिस्त्री म्हणतो, दगड हलका पडतोय, पलीकडच्या बेटावरच्या खाणीचा दगड हवा, आणि ती खाण शत्रूकडे आहे. पुजारीण म्हणते, खाडीच्या तळाशी कोणीतरी आहे आणि तिला न विचारता वाट बंद केली. खाडीवरचे मासेमार म्हणतात, बांध पुरा झाला तर आमच्या होड्यांनी जायचं कुठून? त्यांच्यातलाच कोणी रात्री दगड सैल करत असेल, कोणी सांगावं. एकाच घटनेच्या तीन हकिगती, प्रत्येकीमागे एक मागणी. खेळाडू ज्याचं खरं मानतील त्याच्यासाठी काहीतरी करायला निघतील, आणि ज्याचं मानणार नाहीत तो गप्प बसणार नाही. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळातून मी इथे एक गोष्ट कायमची घेतली आहे: प्रत्येक गटाचं एक ध्येय आणि त्याचं एक घड्याळ. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे भाग पाडायचे, आणि खेळाडू दुसरीकडे गुंतलेले असताना एकेक भाग भरत जायचा. मासेमारांचं वर्तुळ भरलं की ते बांधावर चालून येतात, खेळाडू तिथे असोत वा नसोत. साठ पानी इतिहासापेक्षा अशी तीन वर्तुळं जगाला जास्त जिवंत करतात, हे माझं ठाम मत आहे.

या तिघांपैकी खरं कोणाचं? ते मी आधी ठरवत नाही, आणि तूही ठरवू नयेस असं सुचवेन. एबेरॉन हे डी अँड डीचं एक जग २००२ मध्ये झालेल्या स्पर्धेतून आलं. ११,००० च्या वर प्रवेशिकांतून कीथ बेकरची कल्पना निवडली गेली आणि २००४ मध्ये ती छापली गेली. त्या जगात सायर नावाचं अख्खं राज्य एका दिवसात नष्ट झालेलं आहे. सगळ्या जगाला हादरवणारी ही घटना कशामुळे घडली, हे मुद्दामच कुठे सांगितलेलं नाही. ज्याच्या-त्याच्या टेबलाने ते ठरवायचं. नकाशा काढ पण कोऱ्या जागा ठेव, असं डन्जन वर्ल्ड या खेळात तर गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सरळ नियमासारखं सांगितलं आहे. मोकळी ठेवलेली जागा आणि विसरलेली जागा यांत मात्र फरक कर. मोकळ्या जागेभोवती लोक बोलत असतात, तिच्यामुळे भांडत असतात, तिकडे जायला घाबरतात.

लढाई मागणाऱ्या खेळाडूवर नाराज होऊ नकोस. त्यालाही जग हवं आहे, पण पायाखाली हवं आहे. तर लोर लढाईतच घाल. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. तुझी लढाई खाडीच्या गाळात, भरती चढत असताना होऊ दे. दर दोन राउंडला पाणी एक पायरी वर. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. शत्रूचे सैनिक खाडीतले असतील तर त्यांना गाळातली घट्ट वाट ठाऊक आहे आणि ते तिथूनच धावतात. खेळाडूने हे हेरलं आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकलं, तर तुझ्या साठ पानांतला भूगोल तो वाचल्याशिवाय शिकला.

दुसरी युक्ती दगडांची. उत्तर कोकणात शिलाहार काळापासूनचे गधेगळ सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये जमिनीच्या दानाचा लेख, आणि खाली हे दान मोडणाऱ्यासाठी कोरलेली एक ओंगळ शिवी, गाढवाच्या चित्रासकट. मी टेबलावर ते चित्र वापरत नाही, कारण त्या शिवीचा सगळा मारा बाईवर आहे. शाप ठेवते आणि तो दुसऱ्या रूपात लिहिते. पण वस्तू म्हणून गधेगळ खेळाला फार उपयोगाची आहे. वेशीवर दगड आहे. पाटलाचं शेत यंदा दगडाच्या पलीकडे चार पावलं सरकलं आहे. गावातली म्हातारी त्या बांधावर पाय ठेवत नाही. एवढं सांगून मी गप्प बसते. हद्द कोणाची, शाप खरा आहे का, दगड उपटला तर काय होईल, हे सगळं खेळाडूच बोलू लागतात.

बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांच्या लढाया कोरलेल्या आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खाली रणधुमाळी, त्यावर स्वर्गाकडे नेलं जाणं, सगळ्यात वर देवाची पूजा. एकसरच्या दगडांवरची लढाई नेमकी कोणाची, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. असा दगड कागदावर काढून खेळाडूंच्या हातात दे आणि शब्दाने काही सांगू नकोस. त्यांनी लावलेला अर्थ वहीत टिपून ठेव. तुझ्या मूळ कल्पनेपेक्षा तो चांगला निघाला, तर तोच खरा धर.

खेळाच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं, हे खरं. १९८१ च्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथेच्या खेळात माहिती मिळवणं हाच खेळ आहे. ग्रंथालयात शोध घेणं हे तिथे तलवार चालवण्याइतकंच कौशल्य आहे. आणि माहितीची किंमत नियमातच आहे: क्थुलू मिथॉसचं, म्हणजे त्या जगातल्या भयानक गुपितांचं, ज्ञान जितकं वाढतं, तितकी तुमच्या मानसिक स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. ज्याला लोर नको असतो तो खेळाडूही तिथे प्रत्येक ओळीला कान देतो, कारण ती ओळ त्याला महागात पडणार असते. डी अँड डीमध्येही ही कल्पना उसनी घेता येते. देवाचं खरं नाव कळलं, तर त्या देवालाही कळू दे की यांना ते कळलं आहे.

आता आपल्या भाषेतल्या टेबलांबद्दल. मराठी मुलांसमोर परक्या देवांच्या याद्या वाचण्यात खूप श्रम वाया जातात असं मला वाटतं, कारण या मुलांच्या अंगात एक जग आधीच भिनलेलं आहे. तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबायचं नाही. विहिरीत वाकून नाव घेऊन हाक मारायची नाही. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच जागी फिरतो. यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही, आणि नियमांत बसवणंही सोपं आहे: चकवा म्हणजे वाट शोधण्यासाठी टाकलेल्या फाशांच्या तीन रोलमध्ये अपयश आलं की पुन्हा सुरुवातीच्या जागी. गावच्या राखणदाराला नारळ द्यायचा राहिला, एवढं एक वाक्य अख्ख्या सेशनला पुरतं. एकदा मी गुरवाच्या तोंडी गाऱ्हाणं घातलं. पहिली ओळ संपते न संपते तोच सिंधुदुर्गातल्या घरांतली दोन मुलं आपसूक ‘व्हय महाराजा’ म्हणाली, दुसऱ्या ओळीला पाचही जण म्हणू लागले. त्या क्षणी ते देऊळ जितकं खरं झालं, तितकं मी लिहिलेल्या कुठल्याही वर्णनाने झालं नसतं.

याच कारणाने इथे जबाबदारीही मोठी आहे. हे देव कुणाचे तरी कुलदेव आहेत. टेबलावर बसलेल्या मुलीच्या घरी ज्या देवीचं नवरात्र बसतं, ती तुझ्या कथेत खलनायिका व्हायला नको. मी देवांची आणि गावांची नावं बदलते, रीत ठेवते. आणि गाव रंगवलं की पाणवठा येतो, पाणवठा आला की तिथे पाणी कोण भरू शकतं हा प्रश्न येतो. तो नसल्यासारखं लिहिलेलं गाव खोटं वाटतं. पण ज्याच्या आजोबांनी ते भोगलं आहे तो रविवारी दोन तास मोकळा श्वास घ्यायला आलेला असू शकतो. म्हणून सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, मी स्पष्ट विचारते: या जगात जात आहे का? असेल तर आपण तिच्याशी लढायला बसलोय की आज ती नको? उत्तर काहीही असलं तरी जग त्यानुसार लिहिते. कुठल्याही खऱ्या समाजाच्या चालीरीती उचलून राक्षसांच्या जमातीला चिकटवणं मात्र माझ्या टेबलावर चालत नाही, तिथे चर्चा नाही.

सेशन झीरोलाच तुझा भारही हलका होतो. बेन रॉबिन्सचा मायक्रोस्कोप हा २०११ चा खेळ बघ. त्यात सगळे मिळून एका जगाचा इतिहास रचतात, तोही क्रमाने नाही: आधी दोन टोकं ठरतात, मग प्रत्येक जण मध्ये कुठेही एखादं युग किंवा घटना घालतो. सुरुवातीला या जगात काय असेल आणि काय नसेल याची यादीही एकत्रच होते. एका दुपारी हा खेळ खेळून त्यावर कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, उभं केलं, तर इतिहास कोणालाच पाठ करावा लागत नाही, कारण तो ज्याचा त्यानेच सांगितलेला असतो.

तुझ्या खोदून विचारणाऱ्या मुलीला तर जपच. ती विचारेल, ‘या बेटावर मेलेल्यांना निरोप कसा देतात?’ तुझ्या पानांत असेल तर एका वाक्यात सांग. नसेल तर तिलाच विचार, ‘तुझी आजी याच बेटावरची ना? ती काय म्हणायची?’ ती जे सांगेल ते त्या क्षणापासून पक्कं. चार सेशनांनी कोणी मेलं आणि तोच विधी झाला, तर मोबाइल काढणारे दोघंही मान वर करून बघतील.

इथेच जगाच्या सुसंगतीला खरं महत्त्व आहे, आणि ‘लोर नकोच’ म्हणणाऱ्यांशी मी इथे वाद घालते. काल जकातदाराला फसवलं आणि आज तो हसून नमस्कार करतो, असं झालं की खेळाडू निर्णय घेताना विचार करणं बंद करतात. काहीही केलं तरी सारखंच, हे त्यांना कळतं. मंत्राची किंमत एकदा रक्त ठरली, तर दुसऱ्यांदा ती फुकट मिळता कामा नये. जगाला आठवण असली पाहिजे, आणि ती ठेवण्याचं काम तुझं आहे.

म्हणून साठ पानं ठेव. ती लिहिताना तुझं जग तुझ्या डोक्यात घट्ट झालं, अचानक आलेल्या प्रश्नाला तू न अडखळता उत्तर देऊ शकतोस, तो त्यांचा खरा उपयोग. फक्त खेळाडूने काही नवीन सांगितलं की ‘माझ्या जगात असं नसतं’ हे तोंडावर येऊ देऊ नकोस. पानावरचं, टेबलावर अजून न आलेलं वाक्य केव्हाही बदलता येतं.

येत्या रविवारसाठी साठातून एकच पान काढ. तीन गट आणि प्रत्येकाला या महिन्यात काय हवंय, नुकतीच घडलेली एक मोठी गोष्ट, तोंडात सहज बसणारी दहा नावं, आणि अर्धा कोरा नकाशा. सुरुवात बांध कोसळल्याच्या आवाजाने कर, रात्र आहे, भरती चढते आहे, कोणीतरी ओरडत दार ठोठावतंय. परतीच्या गाडीत जागा मिळाली तर तिथेच, नाहीतर घरी पोचल्यावर झोपायच्या आधी, खेळाडूंनी कोणाला काय वचन दिलं, कोणाला फसवलं आणि कोणाला जिवंत सोडलं, ते नावांनिशी लिहून काढ. त्या यादीतलं जे नाव त्यांना सगळ्यात नकोसं असेल, तो माणूस पुढच्या रविवारी त्यांच्या दारात उभा कर.